डिपार्टमेंटचं पत्र

२७ जानेवारी २०२५ला व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने केंद्र सरकारची अनुदानं थांबवण्याचा दोन पानी आदेश काढला. २८ला न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली आणि २९ला आदेश मागे घेतला गेला. तीन दिवसांत प्रकरण कागदावर मिटलं. पण विज्ञान संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची पैसे काढण्याची यंत्रणा त्या दरम्यान बंद पडली होती आणि तिच्या फेलोशिपवर जगणाऱ्या पोस्टडॉकांचे, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं संशोधन करणाऱ्यांचे, पगार काही दिवस अडकून राहिले. अमेरिकेतल्या विद्यापीठांचं ते अख्खं वर्ष पुढे असंच गेलं. शुक्रवारी संध्याकाळी आदेश, सोमवारी स्थगिती, आणि मधल्या दोन दिवसांत हजारो माणसं आपापल्या इनबॉक्सकडे डोळे लावून बसलेली.

अशा वेळी विद्यापीठाच्या अध्यक्षांचं पत्र येतं. त्यात मूल्यं असतात, बांधिलकी असते, ‘आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’ हे असतं. अध्यक्षांना दोष देण्यात अर्थ नाही. ते पत्र वकिलांच्या हाताखालून गेलेलं असतं, ते वॉशिंग्टनमध्येही वाचलं जाणार असतं आणि माजी विद्यार्थ्यांमध्येही. खरं पत्र असतं ते डिपार्टमेंटचं. चाळीस-पन्नास पीएचडीचे विद्यार्थी, वीसेक प्राध्यापक, दहा-बारा पोस्टडॉक आणि चार-पाच ऑफिसची माणसं असलेल्या एखाद्या विभागाच्या चेअरने, म्हणजे विभागप्रमुखाने, पाठवलेलं. त्या चेअरला कुणाची ग्रँट कधी संपते, कोण शेवटच्या वर्षाला आहे, कुणाच्या बायकोचा व्हिसा कुणाच्या नोकरीवर अवलंबून आहे, हे सगळं ठाऊक असतं. विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रणेत माणसाला नावाने ओळखणारी ही शेवटची पायरी. म्हणून या पत्रातून अपेक्षाही वेगळी असते. वाचणाऱ्याला एकच गोष्ट कळायला हवी: माझा पगार कुठल्या महिन्यापर्यंत नक्की आहे?

‘विद्यार्थ्यांना आधार देण्यासाठी आम्ही सर्वतोपरी प्रयत्न करू’ या वाक्याने कुणाचाही जीव भांड्यात पडत नाही. ‘सध्या प्रोग्रॅममध्ये असलेल्या प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याचा स्टायपेंड, ट्यूशन आणि आरोग्यविमा ३१ ऑगस्टपर्यंत विभाग देईल, अॅडव्हायझरची ग्रँट राहो न राहो, त्यापुढचं १५ मेपर्यंत कळवू’ या वाक्याने पडतो. दुसरं वाक्य लिहायला चेअरला आधी डीनकडे जाऊन भांडावं लागतं, बिझनेस मॅनेजरबरोबर बसून आकडे मांडावे लागतात. म्हणूनच ते दुर्मीळ असतं.

हे आकडे कसे मांडायचे ते थोडं उलगडून बघायला हवं, कारण बऱ्याच विद्यार्थ्यांना आपला पगार नेमका कुठल्या खिशातून येतो हे माहीत नसतं. वाटा साधारण तीन. रिसर्च असिस्टंट असेल तर प्राध्यापकाच्या ग्रँटमधून, टीचिंग असिस्टंट असेल तर विद्यापीठाच्या शिक्षण बजेटमधून, फेलोशिप असेल तर ती देणाऱ्याकडून. त्यातही स्टायपेंड एकीकडून आणि ट्यूशन दुसरीकडून असं अनेकदा असतं. एका खिशाला भोक पडलं की दुसऱ्यात हात घालायचा, हा नेहमीचा उपाय. पण टीचिंग असिस्टंटच्या जागा पदवीच्या वर्गात किती मुलं बसतात त्यावर ठरतात. पाच ग्रँट एकदम गेल्या म्हणून पाच नवे वर्ग उघडत नाहीत.

आणि इथेच २०२५ सालचा घाव सर्वांत खोल गेला. ७ फेब्रुवारीला एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहीर केलं की १० फेब्रुवारीपासून अप्रत्यक्ष खर्चापोटी, म्हणजे संशोधन चालवायला विद्यापीठाला येणाऱ्या वरखर्चापोटी, सरसकट १५ टक्केच मिळतील. त्या जाहीरनाम्याबरोबर एनआयएचने स्वतःच सांगितलं होतं की हार्वर्डचा दर ६९ टक्के आहे, येलचा ६७.५, जॉन्स हॉपकिन्सचा ६३.७. बाहेरच्याला वाटतं, शंभर रुपयांतले एकोणसत्तर विद्यापीठ खातं की काय! तसं ते नाही. हा दर मूळ रकमेच्या वर मोजला जातो आणि मोठी उपकरणं, ट्यूशन असे काही खर्च वगळून उरलेल्या रकमेवर लावतात. समजा, दर ६० टक्के आहे आणि पगार-रसायनांचा हिशेबात धरायचा खर्च १ लाख डॉलर. मग विद्यापीठाला वर ६० हजार मिळतात. १५ टक्के केले की १५ हजार. मधले ४५ हजार गेले. त्यातून इमारतीची वीज, रासायनिक कचऱ्याची विल्हेवाट, प्राण्यांच्या खोल्या, ग्रंथालय आणि ग्रँटचे हिशेब ठेवणारे कारकून चालत होते.

अनेक विद्यापीठांत या अप्रत्यक्ष रकमेचा छोटा हिस्सा डिपार्टमेंटकडे परत येतो. एखाद्या प्राध्यापकाची जुनी ग्रँट संपली आणि नवी यायला सहा महिने असले, तर मधला काळ निभावून नेणारा ‘ब्रिज फंड’ बहुतेक याच पैशातून उभा राहतो. म्हणजे ज्या पैशावर कठीण काळात भिस्त ठेवायची, नेमका तोच आटवण्याचा घाट होता. १५ टक्क्यांची मर्यादा न्यायालयाने १० फेब्रुवारीलाच अडवली आणि एप्रिलमध्ये कायमची मनाई केली. तरी डीन मंडळींनी हात आखडते घेतले ते घेतलेच. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन मेडिकल स्कूलने मार्चमध्ये पीएचडीला दिलेले प्रवेश मागे घेतले. कोर्टात जिंकलेला पैसा उद्या हातात राहील याची खात्री नसली की माणूस तो आज वाटत नाही.

म्हणून पत्रात ब्रिज फंडाचा उल्लेख करायचा तर तो अर्धवट करू नये. एका माणसामागे जास्तीत जास्त किती महिने, अर्ज कुणी करायचा (विद्यार्थ्याने की अॅडव्हायझरने), कधीपर्यंत, आणि पैसे कमी पडले तर आधी कोण, एवढं सगळं लिहावं. माझ्या मते क्रम असा असावा: वर्षभरात ज्यांचा प्रबंध पूर्ण होऊ शकतो ते पहिले, मग ज्यांची ग्रँट रद्द झाली आहे आणि ज्यांचा देशात राहण्याचा हक्कच या पगाराला बांधलेला आहे ते, बाकीचे नंतर. कुणाला हा क्रम पटणार नाही. न पटणारा पण लिहिलेला क्रम चालतो. न लिहिलेला क्रम असला की चेअरच्या केबिनबाहेर जो जास्त वेळा उभा राहतो त्याला पैसे मिळतात, आणि भिडस्त माणूस मागे राहतो. आपल्याकडून गेलेली मुलं यात बरेचदा भिडस्तांच्या बाजूला असतात.

ग्रँट रद्द झाल्याचं पत्र येतं तेव्हा पहिल्या दिवशी काय करायचं हेही विभागाने आधीच लिहून ठेवावं. २०२५मधली अनेक पत्रं एकाच साच्याची होती: हे काम आता संस्थेच्या प्राधान्यांत बसत नाही, ग्रँट आजपासून बंद. त्या तारखेनंतर केलेला नवा खर्च परत मिळत नाही. पण आधीच दिलेला आणि मागे घेता न येणारा शब्द, म्हणजे नोटीस काळातला पगार किंवा रद्द न होणारी ऑर्डर, खर्चात मांडता येतो. मात्र त्याचे कागद हवेत. त्यामुळे त्या दिवशी नवीन खरेदी थांबवायची, पण माणसांना ‘उद्यापासून येऊ नका’ असं घाईने सांगायचं नाही. घाबरलेला प्राध्यापक नेमकं उलटं करतो. चालू असलेल्या कराराची यादी, तारखा, सह्या त्याच आठवड्यात गोळा करायच्या. एनआयएचकडे अपील करायला ३० दिवस असतात, आणि अपील विद्यापीठाच्या ग्रँट ऑफिसमार्फत जातं, म्हणजे प्राध्यापकाचा मसुदा त्यांच्या हातात निदान आठवडाभर आधी पडायला हवा. तोवर प्रयोगशाळेतला उंदीर उपाशी राहत नाही आणि अभ्यासात सामील झालेल्या रुग्णाचं औषध थांबत नाही, हे बघायचं. हे तर कुठल्याही बजेटच्या आधी.

आता परदेशी विद्यार्थी. अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांची दरवर्षी गणना करणाऱ्या ‘ओपन डोअर्स’च्या मोजणीत २०२३-२४ साली भारतातले ३,३१,६०२ विद्यार्थी अमेरिकेत होते आणि पुढच्या वर्षी ३,६३,०१९. पुण्याहून, नागपूरहून, सांगली-कोल्हापूरकडून गेलेल्या मुलांची घरं यात आहेत. तिकडे पहाटेचे चार वाजलेले असताना इकडे टीव्हीवर पट्टी फिरते आणि आई व्हॉट्सअॅपवर विचारते, ‘तुझं काय रे?’ डिपार्टमेंटच्या पत्राचा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा परिच्छेद असा हवा की त्या मुलाला तो मराठीत सांगून आईला झोपवता यावं.

मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलमध्ये सेव्हिस या सरकारी नोंदवहीतून हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी बंद केल्या गेल्या. बऱ्याच ठिकाणी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाने रोज सकाळी नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा कळलं. सरकारकडून पत्र आलंच असं नाही. २५ एप्रिलला सरकारने न्यायालयात सांगितलं की नोंदी पूर्ववत करत आहोत. त्या मधल्या आठवड्यांत विभागांच्या पत्रांनी केलेला सर्वांत मोठा घोटाळा म्हणजे व्हिसा आणि स्टेटस यांची सरमिसळ. पासपोर्टवरचा व्हिसा देशात शिरण्यासाठी असतो. आत आल्यावर राहण्याचा आधार म्हणजे स्टेटस, आणि त्याचे कागद म्हणजे आय-२० हा विद्यापीठाने दिलेला दाखला आणि सेव्हिसची नोंद. व्हिसाची मुदत संपली, अगदी तो रद्द झाल्याची ईमेल आली, तरी तेवढ्याने स्टेटस आपोआप संपत नाही. उलट नोंद बंद झाली तर व्हिसा चार वर्षांचा शिल्लक असूनही पाय अडकतो. ‘तुमचा व्हिसा तपासा’ असं लिहिलेलं पत्र म्हणूनच निरुपयोगी. काय तपासायचं, कुठे, आणि गडबड दिसली तर पहिला फोन कुणाला, असं हवं. तो फोन आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आणि पाठोपाठ इमिग्रेशनच्या वकिलाला. अॅडव्हायझरला तिसरा.

चांगल्या हेतूने दिलेला सल्ला इथे सर्वांत जास्त नडतो. ‘पैसे नाहीत तर एक सेमिस्टर रजा घ्या’ हे अमेरिकन विद्यार्थ्याला सांगणं ठीक. एफ-१ या विद्यार्थी स्टेटसवर असलेल्याने आंतरराष्ट्रीय कार्यालयाची आधी मंजुरी न घेता नोंदणी सोडली तर स्टेटस जातं, आणि मंजुरी घेतली तरी साधारणतः १५ दिवसांत देश सोडावा लागतो. ‘तुला थोडे जास्त तास देतो’ हेही तसंच. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. आधीच २० तासांचा रिसर्च असिस्टंट असलेल्या मुलीला वरून पाच तास पेपर तपासायला दिले तर तिच्यावर उपकार केले असं वाटतं, प्रत्यक्षात तिच्या हातून नियम मोडवला जातो. ‘लवकर डिफेन्स (प्रबंधाची तोंडी परीक्षा) उरकून टाक’ हा तिसरा. त्यात घड्याळ लावून पाहावं लागतं. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ नोकरी करण्याच्या परवानगीचा, अर्ज प्रोग्रॅम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून नंतरच्या ६० दिवसांपर्यंत करता येतो, आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो इमिग्रेशन खात्याकडे पोचायला हवा. ओपीटी सुरू झाल्यावर एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. डिसेंबरऐवजी ऑगस्टमध्ये डिफेन्स केला म्हणजे हे सगळे दिवस चार महिने अलीकडे सरकले, आणि नोकरीचा बाजार थंड असताना ते ९० दिवस लोण्यासारखे वितळतात.

प्रवासाबद्दलही ‘शक्यतो टाळा’ एवढंच लिहून हात वर करू नयेत. कुणाच्या वडिलांची बायपास असते, कुणाच्या बहिणीचं लग्न. त्यांना माहिती हवी. आय-२०वरची प्रवासाची सही साधारण एक वर्ष चालते, ओपीटीवर सहा महिने. २७ मे २०२५ला विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं थांबवलं गेलं. १८ जूनला ते पुन्हा सुरू करण्याचे आदेश निघाले, पण सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याच्या अटीवर. २ सप्टेंबरपासून मुलाखतीशिवाय नूतनीकरणाची सोय बहुतेकांसाठी बंद झाली. म्हणजे व्हिसाची मुदत संपलेली मुलगी घरी गेली तर तिला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत देऊनच परतावं लागेल, आणि तारीख कधी मिळेल ते हाती नाही. पत्रात हे असं स्वच्छ लिहिलं की ती स्वतः ठरवू शकते. जोडीने विभागाने आपली बाजूही लिहावी: परत यायला उशीर झाला तर तिचा वर्ग कोण घेईल, आणि भारतात बसून काम केलं तर पगार देता येईल की नाही. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेरोल ऑफिसकडून आणावं लागतं. चेअरने अंदाजाने ‘हो’ म्हणू नये.

आणि नावं. ‘आपल्या विभागातल्या एका विद्यार्थ्याची नोंद बंद झाली आहे, आपण सगळे त्याच्या पाठीशी आहोत’ असं पत्र प्रेमापोटीच जातं. पण तिसऱ्या वर्षात भारतातली दोनच मुलं असतील आणि पत्रात ‘तिसऱ्या वर्षातला भारतीय विद्यार्थी’ असं असेल, तर नाव सांगितल्यातच जमा. कुणावर काय आलं आहे याची यादी गूगल शीटमध्ये बनवू नये, सगळ्यांना उत्तर जाईल अशा ईमेलवर चौकशी करू नये. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४चा कायदा आहेच, शिवाय लिहिलेली यादी उद्या कुणी समन्स काढून मागू शकतो. एका विश्वासाच्या माणसाचा फोन नंबर द्यावा आणि त्या माणसाने ऐकावं.

वेगाचा प्रश्न सर्वांत अवघड. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. संध्याकाळी एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, अंमल रविवारी, २१ तारखेला मध्यरात्र उलटताच. काही मोठ्या कंपन्यांनी परदेशात गेलेल्या कर्मचाऱ्यांना ताबडतोब परत बोलावलं. लोकांनी मिळेल त्या विमानाची, मिळेल त्या भावाची तिकिटं काढली. शनिवारी सरकारकडून खुलासा आला की हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांच्या ये-जा करण्याशी त्याचा संबंध नाही. आता विचार करा: त्या शुक्रवारी रात्री चेअरने पोस्टडॉकांना काय लिहावं? काहीच न लिहावं तर माणसं व्हॉट्सअॅपवरच्या अफवांवर विमानात बसतात. ठाम लिहावं तर ते शनिवारी खोटं ठरतं. अशा वेळचं पत्र चार ओळींचं असावं आणि त्यावर तारखेबरोबर वेळही हवी. ‘शुक्रवार, रात्री ९. घोषणेचा मजकूर आम्ही वाचला आहे. आधीच मंजूर एच-१बी असलेल्यांना तो लागू आहे का, हे त्यातून स्पष्ट होत नाही. सध्या देशात असाल तर बाहेर जाऊ नका. बाहेर असाल तर तिकीट काढण्याआधी या नंबरवर फोन करा, रात्री उशिरापर्यंत उचलला जाईल. पुढचं पत्र उद्या दुपारी ३ला, नवं काही असो वा नसो.’ आणि मग शनिवारी तीनला ते पत्र खरोखर जायला हवं. चुकलेलं आधीचं पत्र संकेतस्थळावरून गुपचूप काढून टाकू नये. त्यावर ‘हे आता लागू नाही’ असं लिहून तसंच ठेवावं, कारण कुणीतरी त्याच्या आधारावर निर्णय घेतलेला असतो आणि उद्या त्याला ते दाखवावं लागू शकतं.

एरवी आठवड्याचा एक ठरावीक वार पुरे. पत्राच्या डोक्यावरच ‘मागच्या पत्रानंतर काय बदललं’ अशा दोन-तीन ओळी. रोज पत्रं पाठवणाऱ्या विभागात माणसं ती उघडणं सोडून देतात, आणि नेमकं महत्त्वाचं त्यातच बुडतं.

एक वर्ग या पत्रांत जवळजवळ नेहमी सुटतो: ऑफिसमधली माणसं आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. रद्द ग्रँटचे हिशेब बिझनेस मॅनेजर रात्री उशिरापर्यंत बसून करते, आणि तिचा स्वतःचा पगार त्याच अप्रत्यक्ष खर्चातून येत असतो. जॉन्स हॉपकिन्सने मार्च २०२५मध्ये यूएसएड या परदेशांना मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचे ८० कोटी डॉलर गेल्यावर दोन हजारांहून जास्त पदं कमी केली. त्यातली बहुतेक परदेशांतल्या प्रकल्पांवरची होती, म्हणजे गावोगाव फिरून काम करणारी माणसं. पत्रात प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या बरोबरीने त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा: नोटीस किती दिवसांची, विमा कुठल्या तारखेपर्यंत, विद्यापीठात दुसरीकडे जागा निघाली तर आधी विचार होईल का.

आणि ज्यांना पत्र जातच नाही ते लोक: पुढच्या वर्षी येऊ पाहणारे. शिकागो विद्यापीठाच्या कला व मानव्य शाखेने ऑगस्ट २०२५मध्ये कळवलं की पुढच्या वर्षासाठी अनेक विभागांत पीएचडीचे नवे प्रवेश घेतले जाणार नाहीत. दक्षिण आशियाई भाषांचा विभाग याच शाखेत मोडतो, आणि तिथे मराठी शिकवण्याची जुनी परंपरा आहे. बातमी वाईट होती, पण ती ऑगस्टमध्ये आली हे बरं झालं. अर्ज बहुधा डिसेंबरात भरले जातात आणि एकेका अर्जाला ७५ ते १०० डॉलर किंवा जास्त फी पडते. आठ ठिकाणी अर्ज करणारी अहिल्यानगरची मुलगी फक्त फीपोटी साठ-सत्तर हजार रुपये घालवते, शिवाय तीन-तीन शिक्षकांकडून शिफारसपत्रं मागते. ज्या विभागाला आतून माहीत आहे की यंदा दोनच जागा आहेत आणि त्याही आधीच्या प्रतीक्षायादीतून भरायच्या आहेत, त्याने ते सप्टेंबरातच आपल्या प्रवेशाच्या पानावर पहिल्या ओळीत लिहावं. अजून ठरलेलं नसेल तर कधी ठरेल ती तारीख लिहावी, आणि ती अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीची असावी. ठरायला त्याहून उशीर लागणार असेल तर यंदा फी माफ करावी.